पाण्यावरचा लांब उपास: धरण्यापेक्षा सोडताना जपा

पाण्यावर राहणारी माणसं इंदूरला नवी नाहीत. पर्युषण आलं की गल्लीतल्या एखाद्या जैन घरात अठाई असते. आठ दिवस फक्त उकळून गार केलेलं पाणी, तेही दिवस मावळायच्या आत. आपल्या घरांत निर्जला एकादशी, नवरात्र, चतुर्थी चालूच असतात. त्यामुळे कुणी "पाच दिवस नुसत्या पाण्यावर राहून वजन उतरवतो" म्हटलं तर घरचे फारसे दचकत नाहीत. खरं तर दचकायला हवं. व्रताच्या उपासामागे घर असतं, वर्षांची सवय असते, पारण्याची ठरलेली रीत असते. मोबाइलवर बघून वजनासाठी उपास धरणाऱ्याकडे यातलं काहीच नसतं, आणि पुष्कळदा त्याने घरी सांगितलेलंही नसतं.

म्हणून आधी मर्यादा. धडधाकट, कुठलंही औषध चालू नसलेल्या मोठ्या माणसाने एका रात्रीच्या जेवणापासून दुसऱ्या दिवशीच्या रात्रीच्या जेवणापर्यंत, म्हणजे 24 तास, पाण्यावर राहायला सहसा हरकत नसते. 36 तासांपर्यंतही बहुतेकांना निभावतं. त्यापुढे 72 तासांपर्यंत जायचं तर आधी डॉक्टर आणि रक्ततपासणी, आणि घरात सोबत कुणीतरी हवं. पाच दिवस आणि त्याहून लांबचा उपास वजनासाठी घरी करूच नये. पाचव्या दिवशी भूक अनावर होते म्हणून नव्हे, भूक तोवर बहुतेकांची मावळलेली असते. भूक नाही म्हणजे सगळं ठीक आहे असं वाटतं, आणि शरीरातले क्षार मात्र त्याच वेळी तळाला गेलेले असतात.

काट्यावर नेमकं काय उतरतं

पहिल्या तीन दिवसांत काटा तीन किलो खाली दाखवतो आणि माणूस हरखून जातो. त्या तीन किलोंचा हिशेब मांडून बघा. यकृतात साधारण 100 ग्रॅम आणि स्नायूंत सुमारे 400 ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवलेली असते. प्रत्येक ग्रॅमबरोबर जवळजवळ तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. साठा संपत जातो तसं ते पाणी लघवीवाटे जातं. जोडीला इन्सुलिन उतरतं आणि मूत्रपिंडं मीठ धरून ठेवणं कमी करतात, म्हणून मिठाबरोबर आणखी पाणी जातं. पोट-आतडी रिकामी झाली त्याचंही वजन कमी होतंच.

चरबी किती गेली? एक किलो चरबीत साधारण 7700 किलोकॅलरी असतात. दिवसाला 1800 किलोकॅलरी खर्च करणाऱ्या माणसाची सगळीच्या सगळी ऊर्जा चरबीतून आली असं धरलं तरी दिवसाला 230 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे तीन दिवसांत 700 ग्रॅम. प्रत्यक्षात तेवढीही जात नाही. मेंदूला साखर लागते, आणि सुरुवातीच्या दिवसांत ती बनवायला शरीर स्वतःची प्रथिनं मोडतं. या दिवसांत रोज 75 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं जातात. स्नायूत प्रथिनांचा वाटा पाचवा हिस्सा असतो, त्या हिशेबाने ही पाव किलोहून जास्त ओली मांसपेशी झाली. पुढे मेंदू किटोनवर, म्हणजे चरबीपासून बनणाऱ्या इंधनावर, चालायला लागला की ही तूट कमी होते, पण थांबत नाही.

जेवायला लागल्यावर ग्लायकोजेन भरतं, पाणी परत येतं, आणि काटा दोन-तीन दिवसांत दीड-दोन किलोंनी वर चढतो. अनेक जण इथेच घाबरून पुन्हा उपास धरतात. दोन लांब उपास पाठोपाठ, हा सगळ्यात वाईट प्रकार. पहिल्यात रिते झालेले क्षार भरायच्या आतच दुसरा सुरू होतो.

घरातल्या तेलाचा हिशेब याच्या शेजारी ठेवून बघा. चार माणसांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल लागत असेल तर माणशी रोज 33 मिली, म्हणजे 270 किलोकॅलरी नुसत्या तेलाच्या. दोन लिटरांत भागवलं तर प्रत्येकाचे महिन्याला 4000 किलोकॅलरी वाचतात, म्हणजे अर्धा किलो चरबी. त्यात चक्कर नाही, धडधड नाही.

ज्यांनी हात जोडून नाही म्हणावं

अठरा वर्षांखालची मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया, आधीच सडसडीत असलेली माणसं, पासष्टीच्या पुढचे, टाइप 1 मधुमेहाचे रुग्ण, मूत्रपिंड-यकृत-हृदयाचा आजार असलेले, पूर्वी संधिवाताचा गाउट झालेले, आणि खाण्याशी ज्यांचं नातं कधीतरी बिघडलं होतं असे सगळे. शेवटच्या गटाबद्दल घरच्यांनी जागं राहावं. एखादी मुलगी जेवण टाळायला उपासाचं निमित्त करते आहे हे आईच्या आधी आजीच्या लक्षात येतं.

गाउटचं कारण सांगून ठेवतो. किटोन आणि युरिक अ‍ॅसिड दोन्ही मूत्रपिंडातून बाहेर पडतात आणि वाटेत एकमेकांना अडवतात. रक्तात युरिक अ‍ॅसिड साचतं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी पायाचा अंगठा सुजून लाल होतो. भराभर वजन उतरलं की पित्ताशयात खडे होण्याची शक्यताही वाढते.

औषधांकडे नीट बघा. मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन जेवलं नाही तर साखर धोकादायक खाली जाते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्याच गोळ्यांचा धोका वेगळा आणि फसवा आहे. उपासात त्यांच्यामुळे रक्त आम्लधर्मी होऊ शकतं, आणि ग्लुकोमीटरवर साखर मात्र जवळपास नेहमीसारखी दिसते. उलट्या, पोटात दुखणं, जोरजोरात खोल श्वास लागणं ही त्याची लक्षणं. आकडा बरा दिसतो म्हणून घरी बसू नका. रक्तदाबाच्या, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर उभं राहताच दाब कोसळतो. लिथियम, वॉरफरिन, मिरगीची औषधं घेणाऱ्यांनी हा विचारच सोडावा. उपासासाठी कुठलीही गोळी आपल्या मनाने बंद करू नका. गोळी बंद करावी लागत असेल तर उपास तुमच्यासाठी नाही, इतकं सोपं आहे.

आधीची तपासणी

36 तासांच्या पुढे जायचं असेल तर सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन, युरिक अ‍ॅसिड, उपाशीपोटी साखर, हिमोग्लोबिन आणि एक ईसीजी. पॅथॉलॉजीत नुसतं "इलेक्ट्रोलाइट्स करा" म्हटलं तर बहुधा सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराइड एवढंच करून देतात. फॉस्फरस आणि मॅग्नेशियम वेगळे सांगावे लागतात, आणि या विषयात महत्त्वाचे तेच आहेत. मोठ्यांत पोटॅशियम साधारण 3.5 ते 5, फॉस्फरस 2.5 ते 4.5 आणि मॅग्नेशियम 1.7 ते 2.2 च्या आसपास असावं. यातलं काही आधीच खाली असेल तर उपास नको.

दिवस निवडताना हवामान बघा. एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि कोरड्या लूमध्ये घाम आल्याचंही कळत नाही. त्या महिन्यांत लांब उपास नको. परीक्षेचा, प्रवासाचा, लग्नघरातल्या धावपळीचा आठवडाही नको. दोन दिवस आधीपासून चहा-कॉफी निम्म्यावर आणा. पहिल्या दिवसाची डोकेदुखी बहुतेकदा भुकेची नसते, चहा तुटल्याची असते.

उपासाचे दिवस

दिवसभरात सव्वादोन-अडीच लिटर पाणी, थोडं थोडं, तहानेप्रमाणे. जेवणातून एरवी जे पाणी मिळतं ते बंद झालेलं असतं, म्हणून रोजच्यापेक्षा थोडं जास्त लागतं. पण "शरीर धुऊन निघतं" म्हणून तासाभरात दीड-दोन लिटर ढोसू नका. मीठ आधीच जातंय, त्यात नुसतं पाणी ओतलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं. डोकं दुखतं, मळमळतं, माणूस गोंधळतो, पुढे झटकेही येऊ शकतात. आणि डोकं दुखलं की लोक काय करतात? अजून पाणी पितात.

24 तासांच्या उपासाला मिठाची वेगळी गरज पडत नाही. त्यापुढे, रक्तदाब-हृदय-मूत्रपिंडाचा त्रास नसेल तर, दिवसभरात मिळून सपाट अर्धा चहाचा चमचा मीठ, चार वेळा वाटून, ग्लासभर पाण्यात. सगळं एकदम घेतलं तर जुलाब होतात. सैंधव घेतलं म्हणजे सगळे क्षार मिळाले हा गैरसमज घराघरांत आहे. सैंधवही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच, पोटॅशियम त्यात नावापुरतं. आरओच्या पाण्यातही क्षार फारसे उरत नाहीत. पण म्हणून पोटॅशियमचं सिरप किंवा बाजारातलं कमी सोडियमचं मीठ आपल्या मनाने घेऊ नका. त्या मिठात पोटॅशियम क्लोराइड असतं आणि रक्तदाबाच्या टेल्मिसार्टनसारख्या गोळीबरोबर ते रक्तात साचून हृदयाची लय बिघडवू शकतं. पोटॅशियम कमी पडलं तरी धोका, जास्त झालं तरी धोका. हा आकडा तपासणीवरच ठरतो.

रोज सकाळी घरच्या यंत्रावर दाब तीनदा मोजा. पाच मिनिटं आडवं पडून एकदा, मग उभं राहून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. यंत्राचा पट्टा दंडावरून काढायचा नाही, उभं राहिल्यावर हात मात्र छातीच्या पातळीवर टेकवून धरायचा, लटकत ठेवला तर आकडा खोटा वाढतो. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला तर शरीरात पाणी आणि मीठ कमी पडलंय, उपास तिथेच थांबवा. उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी आली तर आकडा न बघताही थांबा.

गरम पाण्याची आंघोळ टाळा. त्वचेच्या रक्तवाहिन्या पसरतात, दाब उतरतो आणि माणूस बाथरूममध्ये पडतो. कोमट पाणी, स्टूलवर बसून, आणि आतून कडी लावायची नाही. रात्री लघवीला उठताना आधी पलंगाच्या कडेवर मिनिटभर बसा. दुसऱ्या दिवसापासून गाडी चालवू नका, राजवाड्याच्या गर्दीत तर नाहीच. जिम, पळणं, सूर्यनमस्कारांचे संकल्प बाजूला ठेवा, घरातल्या घरात चालणं पुरे.

छातीत धडधड किंवा ठोका चुकल्यासारखं वाटणं, शुद्ध हरपणं, बोलण्यात गोंधळ, दोनपेक्षा जास्त उलट्या, आठ तास लघवी न होणं, वरचा दाब 90 च्या खाली, साखर 70 च्या खाली, हातापायांत एकदम अशक्तपणा. यातलं एक जरी झालं तरी "अजून एकच दिवस" करायचं नाही. साखर उतरली असेल आणि माणूस शुद्धीत असेल तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नका, 108 ला फोन करा.

सोडणं

इतकं सगळं सांभाळून माणूस शेवटी सोडताना चुकतो. दुसऱ्या महायुद्धानंतर उपासमारीतून सुटलेल्या कैद्यांना भरपूर जेवण दिलं गेलं, आणि उपाशी असताना जगलेली काही माणसं जेवू लागल्यावर दगावली. तेव्हा कोडं वाटलं होतं, आज कारण माहीत आहे. उपासात पेशींतलं फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम हळूहळू झिजतं. रक्तातला आकडा मात्र बराच काळ ठीक दिसतो, कारण पेशींतून रक्तात भरणा होत राहतो. पोटात एकदम भात, गूळ, साखर गेली की इन्सुलिन उसळतं आणि साखरेबरोबर हे तिन्ही क्षार रक्तातून पेशींत ओढून नेतं. रक्तात ते काही तासांत कोसळतात. फॉस्फरस नसलं तर पेशीला ऊर्जा बनवता येत नाही. छातीचे, श्वासाचे स्नायू थकतात, हृदयाची लय बिघडते. त्याच वेळी साखर जाळायला बी-1 जीवनसत्त्व लागतं आणि त्याचा साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा असतो. ते संपलं तर डोळे नीट फिरत नाहीत, चाल डळमळते, माणूस भ्रमिष्टासारखा बोलतो.

1965-66 मध्ये स्कॉटलंडचा अँगस बार्बिएरी 382 दिवस न जेवता राहिला आणि 207 किलोंवरून 82 किलोंवर आला, ही गोष्ट उपासाच्या प्रत्येक चर्चेत निघते आणि नेहमी अर्धीच सांगितली जाते. तो डंडी शहरातल्या हॉस्पिटलच्या देखरेखीत होता. जीवनसत्त्वं, यीस्ट, ठरावीक काळ पोटॅशियम आणि सोडियम त्याला दिलं जात होतं, रक्त-लघवी वारंवार तपासली जात होती. त्याच काळात असे उपचार घेणारे काही रुग्ण हॉस्पिटलमध्येच दगावले आणि डॉक्टरांनी ही पद्धत मागे टाकली.

24-36 तासांनंतर वेगळं काही लागत नाही. साधं, थोडं कमी जेवा: मऊ खिचडी, ताक, शिजवलेली दुधी. तळलेलं आणि अतिगोड नको, एवढंच. त्या रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत जायचं नाही.

तीन दिवसांनंतर पहिला दिवस नेहमीच्या निम्म्या खाण्याचा, सहा लहान खाण्यांत वाटलेला. पहिला घास मुगाचा. दोन मोठे चमचे, म्हणजे साधारण 30 ग्रॅम सालीची मूगडाळ चार वाट्या पाण्यात डाळ फुटेपर्यंत शिजवा. चिमूटभर हळद आणि मीठ, फोडणी नाही. वरचं पाणी गाळून अर्धी वाटी घ्या, चमच्याने, दहा मिनिटं लावून. अर्धा तास थांबा. पोटात कळ, मळमळ, धडधड काही नाही ना, बघा. मग उरलेलं पाणी. दोन तासांनी खालची डाळ घोटून अर्धी वाटी. दुपारी साय काढलेल्या दुधाच्या दह्याचं ताक, कारण दूध-दह्यातून फॉस्फरस मिळतं. संध्याकाळी मऊ भात, पण दोन-तीन चमचेच, डाळीत मिसळून. गुळाची राब, उसाचा रस, साबुदाण्याची खिचडी, फळांचा मोठा ग्लास यांपैकी काही पहिल्या दिवशी नको. ही सगळी जवळजवळ निव्वळ साखर आणि स्टार्च आहेत. सकाळचे पोहे-जलेबी तर चौथ्या दिवसाआधी नाहीच. दुसऱ्या दिवशी दोन तृतीयांश खाणं, तिसऱ्या दिवशी नेहमीचं.

पाच दिवसांच्या पुढे ज्यांनी काही खाल्लेलं नाही, त्यांनी हे घरी करू नये. अशा माणसाला पहिले दोन दिवस गरजेच्या निम्म्याहून जास्त देत नाहीत. दहा दिवसांच्या पुढे गेलेला, किंवा फॉस्फरस-पोटॅशियम आधीच खाली असलेला असेल तर दिवसाला किलोमागे 10 किलोकॅलरींपासून सुरुवात करतात. 70 किलोंच्या माणसाला पूर्ण दिवसात 700. बी-1 अन्नाच्या आधी सुरू होतं. फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम जेवण सुरू झाल्यावर पहिले काही दिवस रोज तपासतात. उपास सुटण्याच्या सकाळचा रिपोर्ट चांगला आला म्हणून निर्धास्त होऊ नका, घसरण त्यानंतर होते. पहिले 72 तास सगळ्यात जपायचे, तरी पाच दिवस डोळ्यांत तेल घालून बघा. पायांवर सूज, जिन्यावर धाप, ओठ-बोटांना मुंग्या, एकाचे दोन दिसणं, नाडी 100 च्या पुढे. जेवायला लागल्यावर हे दिसलं तर "अशक्तपणा आहे, अजून खा" म्हणू नका. इथे काकू-मावशींचं प्रेम घातक ठरतं.

आणि एक सवय. उपासाने गळून गेलेल्या माणसाला कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेऊन "एक ग्लुकोजची बाटली लावून द्या, तरतरी येईल" सांगायचं. लांब उपासानंतर थेट शिरेत गेलेलं ग्लुकोज म्हणजे वर सांगितलेली सगळी घसरण, जेवणापेक्षा वेगाने. बी-1 दिल्याशिवाय ही बाटली नको.

म्हणून उपास धरायच्या दिवशीच एक चिठ्ठी लिहून पाकिटात आणि दुसरी घरात फ्रिजवर लावा. शेवटचं जेवण कोणत्या तारखेला आणि किती वाजता, तेव्हाचं वजन, चालू असलेल्या गोळ्यांची नावं आणि मात्रा, आधीच्या रिपोर्टचा फोटो कोणाच्या मोबाइलमध्ये आहे. खाली ठळक अक्षरांत: "इतके दिवस फक्त पाण्यावर. ग्लुकोजच्या आधी बी-1 द्यावं, फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम तपासावं." एम. वाय. या इंदूरच्या सरकारी हॉस्पिटलात न्या की जवळच्या कुठल्याही हॉस्पिटलात, कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरच्या हातात ही चिठ्ठी आधी द्या. बेशुद्ध माणूस किती दिवस उपाशी आहे हे त्याच्याकडे बघून कळत नाही.